बदरपूरचा बर्फ

फोन आला तेव्हा सुनीती साळवे नोएडातल्या आपल्या सेक्टरच्या भाजीच्या बूथवर मटार निवडत होती. एकेक शेंग बोटांनी दाबून बघत होती, आणि मागच्या बाई 'जल्दी कीजिए ना' म्हणत तिच्या कोपराला पिशवी घासत होत्या. फोनवर तिच्या मशीनची चाचणी घेणाऱ्या सरकारी कमिटीच्या ऑफिसातला बाबू होता. मुबारक हो मॅडम, म्हणाला, तुमचा प्रोजेक्ट यशस्वी म्हणून क्लोज झाला. आजच या, सही करा, मिठाई खा, आणि येताना मशीन घेऊन या, साहेबांना ते शोकेसमध्ये ठेवायचंय. सुनीती 'थँक यू' म्हणाली. कोणी गेल्याची बातमी आली तरी माणसाच्या तोंडून आधी 'बरं' निघतं, तसंच ते. मग तिने हातातल्या शेंगा परत ढिगात टाकल्या आणि रिकामी पिशवी घेऊन घराकडे चालू लागली. निम्म्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत, जबडा आवळलाय आणि आपल्याला भयंकर राग आलाय.

आता यशस्वी म्हटल्यावर राग कशाचा, असं कोणीही विचारेल. विचारणाऱ्याने सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केलेली नसणार. सुनीतीने ऐन उमेदीची सगळी वर्षं तशा एका प्रयोगशाळेत काढली होती आणि तिथली रीत तिला पुरती ठाऊक होती. तिथे काहीही नापास होत नसे. एखादं काम नकोसं झालं, साहेब बदलले, मार्च आला, की ते 'उद्दिष्टं साध्य' म्हणून बंद करायचं. मग मशीन झाडूनपुसून काचेच्या कपाटात ठेवायचं, खाली पितळी पाटी, वर छोटा दिवा. मोठा पाहुणा येणार असला की काच पुसली जायची. त्या कॉरिडॉरमधून ती रोज डबा घेऊन कँटीनकडे जायची आणि कपाटांकडे न बघता जायला शिकली होती. त्यातलं एकही मशीन कधी कुठल्या जवानाच्या हातात गेलेलं तिने पाहिलं नाही. एकदा तिने एका यंत्राकडे बोट दाखवून हे कशासाठी आहे असं विचारलं, तर ज्यांनी ते बनवलं होतं ते गृहस्थच म्हणाले, अच्छा, ते? ते सक्सेसफुल आहे. आणि कँटीनकडे निघून गेले.

म्हणून तर ती बाहेर पडली. त्या वर्षांत सगळेच कुठे ना कुठे निघाले होते. बरोबरीचे गुडगावला सॉफ्टवेअरमध्ये गेले, काही अमेरिकेला गेले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांसमोरून एकेक स्कूटर नाहीशी होऊन तिथे एकेक मारुती उभी राहू लागली. सुनीतीने नोएडात एक तळघर भाड्याने घेतलं. तिचे वडील अंबादास साळवे तेव्हा हयात होते. नगरहून केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून आलेला माणूस. पेन्शन म्हणजे त्यांच्या लेखी देवाचा शब्द. रविवारची मराठी उपासना आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी विचारलं, सरकारी नोकरी सोडून तू तळघरात करणार काय? मला गाडलेल्या माणसांसाठी काम करायचंय, मग तळघरच बरं, असं ती म्हणाली. ते हसले नाहीत. घरी येऊन जेवताना म्हणाले, खाली ओल असेल, जाड चपला घालत जा.

तिच्याबरोबर उतरला तो इंद्रजित घोरपडे. फौजेतून मेजर म्हणून बाहेर पडलेला, दिल्लीतच वाढलेला, कोणाच्या दारात किती वाकायचं आणि कुठे चहा न पिता उठायचं हे नेमकं जाणणारा. मशीन तिचं आणि दिल्ली त्याची, अशी कामाची वाटणी होती. कारगिलनंतर सरकारला छोट्या कंपन्यांचं प्रेम उफाळून आलं. तुम्ही फौजेसाठी नवं काही शोधा, आम्ही पाठीशी आहोत, असं म्हणणाऱ्या योजना निघाल्या. इंद्रजितने त्यातल्या एकीत सुनीतीचं खोकं बसवलं. खोकंच ते, भाजीच्या क्रेटएवढं, पट्ट्याने गळ्यात अडकवायचं. त्यातून निघणाऱ्या लहरी बर्फातून खाली जायच्या, आणि खाली कुणाची छाती वरखाली होत असेल तर तेवढी हालचाल टिपून परत यायच्या. कानातल्या यंत्रात मग एक बारीक ठोका ऐकू यायचा. गाडला गेलेला माणूस श्वास घेतोय का आणि कुठे घेतोय, एवढंच ते सांगायचं.

घरी येऊन तिने गॅसवर चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीबाहेर नवे टॉवर उठत होते, आणि प्रत्येकाच्या पायाशी बदरपूरचे ढीग. बदरपूर म्हणजे इथली जाडी लालसर रेती. कालपरवापर्यंत मोहरी होती तिथे आता पायाचे खड्डे, आणि सगळी वस्ती त्या रेतीने भरलेली. दारात, चपलांत, खाल्ल्यावर दातांखाली. पण सुनीतीच्या डोळ्यांसमोर रेती नव्हती, बर्फ होता. प्रयोगशाळेच्या दिवसांत ती एकदा रेडिओ सेट तपासायला उत्तरेकडच्या एका चौकीवर गेली होती, आणि आदल्या दिवशी वरच्या उतारावरून आलेल्या हिमलोटात एक जवान गाडला गेला होता. जवान खांद्याला खांदा लावून ओळीने उभे होते. हातात लांब लोखंडी सळ्या. सळई खाली खुपसायची, ओढायची, एक पाऊल पुढे. दगड लागला तर टणक लागतं, माणूस लागला तर मऊ. मऊ लागलं की हात वर करायचा.  सळ्यांचा तेवढा कचकच आवाज. सुनीती लोकरीच्या कपड्यांत गुरफटून बाजूला उभी, आणि प्रत्येक सळईबरोबर तिला वाटत होतं, की ही त्याच्या डोळ्यात तर गेली नसेल. त्यांनी जिथे हात वर केला नव्हता, तिथेच तो दुसऱ्या दिवशी सापडला. सळईचं भोक त्याच्या खांद्यापासून वीतभरावर होतं. चेहऱ्यापुढे हात धरलेले, आणि तोंडासमोर बर्फाचा एक गुळगुळीत, पातळ पापुद्रा. तिथल्या डॉक्टरने तिला शांतपणे समजावलं, की श्वासाच्या उबेने बर्फ वितळतो आणि पुन्हा गोठतो. पापुद्रा एवढा झाला म्हणजे हा बराच वेळ जिवंत होता. ती खाली आली ती हेच डोक्यात घेऊन. तो सांगत होता. सगळा वेळ छातीने सांगत होता की मी इथे आहे, आणि ऐकायला आपल्याकडे लोखंडाच्या सळ्या होत्या. तिने त्याचं नाव विचारलं नव्हतं, याची तिला अजून लाज वाटायची.

चहा ओतून देऊन तिने साडी बदलली. खोकं कपाटावर होतं, जुन्या शालीत गुंडाळलेलं. ते एकच चालू स्थितीतलं होतं. बाकीची सगळी पोटं उघडून तळघरात पडली होती. हे गेलं की गेलं. पुन्हा असं जुळवायला नवा प्रोजेक्ट लागेल, आणि यशस्वी झालेलं काम पुन्हा करायला सरकार कशाला देईल? तिने ते खाली घेतलं, मांडीवर ठेवलं. आणि आज तिला त्या खोक्याबद्दल काय वाटत होतं, तर त्याला खरं काय येतं हे तिलाच माहीत नव्हतं. बर्फाचं काही एक रूप नसतं. कोरडा असतो, ओला असतो, मध्येच पाण्याचा थर असतो, आणि पाणी लहरी गिळून टाकतं. खोकं बर्फात चालेल की नाही? कदाचित चालेल. कदाचित अगदी नेमक्या दिवशी मुकं राहील. हे कळायला एकच गोष्ट हवी होती, बर्फ, आणि तेवढी एकच गोष्ट कमिटीने तिला दिली नव्हती.

त्यांची चाचणी झाली होती एप्रिलात. फाइल हिवाळाभर या टेबलावरून त्या टेबलावर गेली, आणि मंजुरी आली तोवर साहेब लोकांना गाडीने पोचता येईल अशा कुठल्याही जागी बर्फ उरला नव्हता. सरलेल्या वर्षाचं काम कागदावर तर संपवायचं होतं. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून 'समतुल्य माध्यम' असा शब्द निघाला. समतुल्य माध्यम म्हणजे काय, तर बदरपूर. एका अर्धवट टॉवरसमोरच्या रेतीच्या ढिगात माणूस पुरायचा आणि सुनीतीच्या खोक्याने तो शोधायचा. यावर कोणी हसलं नाही. दिल्लीत असल्या गोष्टींवर हसत नाहीत, टिपण लिहितात. आता पुरायचं कोणाला? जवानाला पुरायला परवानगी नाही, कंपनीच्या माणसाला पुरायला विमा नाही. ठेकेदार म्हणाला, माझ्या मजुरांतला एक देतो. त्याला विचारलंय का, असं सुनीतीने विचारलं तेव्हा ठेकेदाराला प्रश्नच समजला नाही. मग तिने घड्याळ काढलं, चष्मा इंद्रजितकडे देऊन, जागा दिसू नये म्हणून त्याला टॉवरमागे पाठवलं आणि स्वतः प्लायवूडच्या पेटीत जाऊन आडवी झाली. पन्नाशीची बाई, सुती साडीत. हवेसाठी एक पाइप होता. वर फावड्याने रेती पडू लागली, आधी मोठ्याने, मग दबकी, मग नुसतं वजन.

आत तिला वाटलं होतं की आपण प्रार्थना करू. प्रार्थना आलीच नाही. आई, चंद्रप्रभा तिचं नाव, लहानपणी गादीची घडी घालताना सुनीतीला त्या घडीत लपू द्यायची आणि 'कुठं गेली गं माझी पोर' म्हणत घरभर शोधायची, तेच एकदम आठवलं, आर. के. पुरमचं ते दोन खोल्यांचं घर, कापसाचा वास, आणि सापडण्याआधीची ती गोड भीती. इथे भीती होती, गोड नव्हती. पाइप असूनही छाती भरत नव्हती. आपला श्वास आपल्याच गालावर येत होता, ओला, वापरलेला. पाइपमधून वरचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. जेवण गार होईल, चलो भाई, जल्दी करो. आणि मग पावलं. इंद्रजितची. फौजेतली सवय, टाच आधी टेकणारी पावलं. ती इकडे गेली नाहीत, तिकडे गेली नाहीत, कुठे थांबून परत फिरली नाहीत. सरळ आली आणि तिच्या छातीवर उभी राहिली. शोधणारा माणूस असा चालत नाही, हे तिला त्या अंधारात लख्ख कळलं. पेटी उघडली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. उन्हाने तिचे डोळे मिटले, कोणीतरी पाण्याची बाटली दिली, ती हसली. पुढच्या टप्प्यात बर्फ, असं अध्यक्षांनी तिला वचन दिलं. ती पावलांबद्दल कोणालाच काही बोलली नाही. आज सकाळपर्यंत नाही.

इंद्रजितने खालून हॉर्न दिला. खोकं मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. नोएडाहून दिल्लीत जाणाऱ्या डीएनडीच्या नव्या पुलावर वारा होता आणि खाली यमुनेवर पांढरा फेस. इंद्रजित खुशीत होता; या यशाच्या जोरावर पुढचं काम मागू म्हणत होता, काहीतरी सोपं, रात्री दिसण्याच्या दुर्बिणीचं वगैरे. सुनीतीने त्याचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाली,

"त्या दिवशी तू सरळ आलास."

त्याने गाडीचा वेग कमी केला.  मग म्हणाला, डेमोला सगळेच जागा माहीत करून घेतात, सुनीती. ढिगावर ताजी खूण असते, सोबतचा माणूस खुणावतो. कोणी त्याला खोटं म्हणत नाही, व्यवस्थित तयारी म्हणतात. तू आत होतीस. तुला जास्त वेळ ठेवायचं नव्हतं मला. हे शेवटचं त्याने इतक्या हळू सांगितलं की तिचा राग क्षणभर कुठे ठेवावा हे तिला कळेना. पण तो गेला नाही. मी सही करणार नाही, असं तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकवलं. अहिल्या आणि शंकर, तळघरात सोल्डरिंग करणारे दोघे, त्यांचं काय? कंपनीचं काय? यशस्वी नाही म्हणजे नापास, आणि नापास झालेल्याचं नाव पुढची काही वर्षं कुठल्या यादीत येत नाही. मशीन भंगार म्हणून परत देतात आणि विषय संपतो.

"परत देतात?" सुनीतीने विचारलं.

तो वैतागला. एवढं सगळं सांगितलं त्यातलं तुला तेवढंच ऐकू आलं का, म्हणाला. तिला खरंच तेवढंच ऐकू आलं होतं. तिने खोक्यावरचा हात दाबला. दर संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळींबरोबर इंद्रजित पानिपतला जायचा, काला अंबच्या स्मारकापाशी थंडीत उभा राहून हार घालायचा, आणि परतताना बसमध्ये त्याचा आवाज भरून यायचा. एकदा तीही गेली होती. तिला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. तुम्ही हरलेल्या लढाईला दरवर्षी हार घालता, आणि माझ्या अर्धवट कामाला 'अर्धवट' म्हणायला तुमची जीभ अडते, असं तिने त्याला सुनावलं. त्याने गिअर बदलला, आणि कस्तुरबा गांधी मार्गावर कमिटीच्या ऑफिसासमोरच गाडी थांबवली.

कमिटीच्या खोलीत एसी इतका जोरात होता की सगळ्यांच्या खांद्यांवर शाली. टेबलावर काजूकतली, आणि दाराशेजारी ते कपाट, नवं, रिकामं, दिवा आधीच लावलेला. अध्यक्ष ब्रिगेडियर सोंधी चांगला माणूस होता. हेच तर अवघड होतं. वाईट माणसाशी भांडणं तिला सोपं गेलं असतं. त्यांनी उठून तिचं स्वागत केलं, छोट्या कंपनीने मोठं काम केलं असं म्हणाले, आणि बाबूने सहीची जागा दाखवली. सुनीतीने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. हे काम पूर्ण झालेलं नाही, म्हणाली, तुम्ही अपूर्ण असं लिहा, मी आत्ता सही करते. बाबूने गोंधळून कागद उलटासुलटा केला. अपूर्ण असा रकानाच नव्हता. दोनच होते, यशस्वी आणि नापास.

मॅडम थकल्यात, असं कोणीतरी म्हणालं. सोंधींनी हाताने त्याला गप्प केलं आणि हिंदीत, समजुतीने बोलू लागले, की मी स्वतः तिथे उभा होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मेजर घोरपड्यांनी मशीन गळ्यात घातलं आणि बघता बघता तुम्हाला शोधून काढलं. याहून मोठा पुरावा काय हवा?

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. ती तोंड उघडू शकत होती, आणि उघडलं तर इंद्रजितची फौजेतली सगळी वर्षं, खांद्यावरची शान, या टेबलाभोवतीच्या प्रत्येक दारातली त्याची उठबस, सगळं एका वाक्यात मातीत जाणार होतं. आणि न उघडलं तर ते खोकं त्या दिव्याखाली जाणार होतं, आणि वर कुठेतरी पुन्हा कोणीतरी चेहऱ्यापुढे हात धरून छातीने सांगत राहणार होतं. तिला दोन्ही नको होतं.  एवढी वर्षं सगळ्यांनी मिळून एवढं सभ्यपणे खोटं बोलायचं, आणि खरं बोलायचं झालं की नेमकं आपल्याच माणसाचं नाक कापावं लागायचं, हा कुठला न्याय? तिने टेबलावर हात आपटला. काजूकतलीचं ताट हललं. 

"सर," इंद्रजित म्हणाला, "मला जागा माहीत होती."

तो उभा राहून बोलला, हात पँटच्या शिवणीला टेकवून. मशीन सुरूच नव्हतं, म्हणाला. बाईंचा जीव आत होता, मी वाट बघितली नाही. यात त्यांचा काही दोष नाही.  सोंधींनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि ते बराच वेळ इंद्रजितकडे बघत राहिले. फौजी माणूस फौजी माणसाकडे बघतो तसं. त्यात काय होतं ते सुनीतीला वाचता आलं नाही. मग त्यांनी तिला विचारलं, की दुसऱ्या रकान्यात खूण झाली तर तुमच्या कंपनीचं काय होतं हे माहीत आहे ना?

सुनीती म्हणाली, "नापास लिहा, साहेब. आणि माझं मशीन मला परत द्या. तुमच्या कपाटात कोणी गाडलेलं नाही."

त्यांनी लिहिलं. तिने खाली सही केली, नेहमीपेक्षा मोठी, आडनावासकट, रकान्याच्या बाहेर जाईल अशी. बाबूने मशीनवर 'निरुपयोगी' असा शिक्का मारायचा की नाही असं विचारलं, तेव्हा मारा, मारा, नीट शाई लावून मारा, असं तिनेच सांगितलं. तिला हसू येत होतं.  मागे कोणीतरी कपाटाचा दिवा बंद केला.

बाहेर ऊन होतं. गाडीपाशी येऊन इंद्रजित किल्ली हातात धरून नुसताच उभा राहिला. त्याचा चेहरा एका सकाळीत म्हातारा झाला होता. आता दिल्लीत मला कोणी चहा विचारणार नाही, म्हणाला, आणि तुलाही नाही. तिने खोकं मागच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला. डिसेंबरात मनालीच्या वरपर्यंत रस्ता उघडा असतो, तिने सांगितलं, कमिटी नको, परवानगी नको, आपली गाडी आहे. अहिल्या आणि शंकर दोघंही येतील, आजच विचारते त्यांना. फावडी घेऊ, पाइप घेऊ.  मग त्याच्या ध्यानात आलं की पेटीत कोण झोपणार ते हिने आधीच ठरवलंय, आणि तो चिडून म्हणाला,

"आणि तिथे खऱ्या बर्फात तुला शोधणार कोण?"

"तू," सुनीती म्हणाली. "आणि मला कुठे गाडलंय, ते या वेळी तुला कोणी सांगणार नाही."